सव्वीस जून, पहाटे चार

दसरा चौकात बंब उभा केला.
शिडी मी लावतो, पाईप मुल्लाणी धरतो,
वर्षभराची धूळ, कबुतरांची घाण
महाराजांच्या खांद्यावरून ओघळत येते.

यंदा पोरगी हटून आली, ऋतिका.
म्हणाली, पप्पा, पुस्तकात दीड पान आहे,
सनावळ्या पाठ आहेत.
पण यांनी मला काय दिलं?

मी गप्प.
पाईप जड असतो.

मागं बोर्डिंगच्या खिडकीत लाईट लागला.
एक पोरगं तोंडात ब्रश धरून
आमच्याकडं बघत उभं.

मुल्लाणी म्हणाला,
बाळ, हे पाणी कुठलं, ठावं हाय?
बालिंग्याचं.
त्याच्या वर भोगावती, तिच्या वर राधानगरी.
धरण कुणी बांधायला घेतलं?
ह्यांचंच पाणी ह्यांच्यावर मारतोय आपण, झालं!

ती हसली नाही.
चपला हातात घेऊन
ओल्या फरशीवरून चौथऱ्यापर्यंत गेली.
हार यायला अजून तीन तास,
पुढारी यायला पाच.

मग म्हणाली, द्या इकडं.

दाबानं दोन पावलं मागं सरकली,
पाय रोवले.
महाराजांना थेंबही लागला नाही,
सगळं पाणी चौकभर
माझ्यावर, मुल्लाणीवर,
झाकलेल्या चहाच्या गाड्यावर.