आकड्याचा काटा

रविवारी सकाळी नेविल मागच्या दाराने आला,
हातात ऑस्ट्रेलियाचे कागद, पायांत घरातल्या सपाता.
म्हणाला, तुझ्याकडे तो आकड्याचा काटा आहे ना,
बॅग लटकवून बघायचा?
आहे, म्हटलं. आणि चहा टाकला.

ग्रिम्सबीत वारा अजून समुद्रावरूनच येतो,
पण त्याला आता माशांचा वास नसतो.
नेविल म्हणतो, असायचा. इतका की पोरी नाचायला यायच्या नाहीत.
पंधराव्या वर्षी तो बर्फाच्या कारखान्यात लागला.
बोटी गेल्या, बर्फ गेला,
मॉरीन गेली ती याच गल्लीतून,
आणि आता गेल म्हणते, पर्थला या, बाबा,
फोनवर पोराला तुमचं बोलणं कळत नाही.

तू कसं ठरवलंस? त्याने विचारलं.

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
कुठली, कधी आलीस, परत कधी जाणार,
हे बसस्टॉपवरसुद्धा विचारतात.
कसं ठरवलंस, हे नाही.

मी शोधू लागले, पण ठरवण्याचा असा दिवसच सापडेना.
हर्णैला एजन्सीचं पत्र आलं तेव्हा
आई अंगणात पोत्यावर सोडे पसरत होती.
मान वर न करता म्हणाली,
जा, दोन वर्षं कशी जातील कळणारही नाही.
नाहीच कळली.
मग कर्ज काढलं, छातीचा फोटो काढला,
आणि कुणीतरी म्हणालं, तेवीस किलो.
रात्रभर मी तेवढंच करत बसले:
सोडे काढले, स्वेटर घातला,
स्वेटर काढला, सोडे घातले.
मी काही ठरवलं असेल तर ते एवढंच, नेविल.
सोडे आले. स्वेटर राहिला.
पहिली थंडी मी नाइटड्यूटीच्या गणवेशाखाली
साडी गुंडाळून काढली.

तो हसला. मग हसायचा थांबला.
बॅगेचं काही नाही गं, म्हणाला. पाखरांचं काय?

त्याच्या परसात लाकडी खुराडं आहे, एकोणीस कबुतरं, शर्यतीची.
वाढलेलं पाखरू विकता येत नाही, म्हणाला.
लीड्सला दिलं तर लीड्सहून येतं.
फ्रान्समधून आलीत माझी, पंखात गोळी घेऊन एक.
नव्या मालकाने त्याला जन्मभर कोंडून ठेवायचं.
अशा पाखराला आम्ही कैदी म्हणतो.
कैदी खातो-पितो, अंडी घालतो, मजेत असतो.
उडायचं ते त्याच्या पिल्लांनी,
कारण त्यांना दुसरं घर माहीत नसतं.

वर माझा निनाद झोपला होता,
शनिवारची मॅच हरून, जर्सी न काढताच.
मी साखर ढवळत राहिले. नेविल साखर घेत नाही.

फ्रिजवर, बिलांच्या खाली, माझाही एक अर्ज आहे
चार वर्षं, फक्त सही राहिलेला.
करून टाक गं, म्हणतात सगळ्या वॉर्डात,
पासपोर्ट दोन्ही निळेच, रांग तेवढी छोटी.
दर दिवाळीत मी तो खाली काढते,
खालची धूळ पुसते,
आणि परत ठेवते.

परसात गेलो. त्याने एक राखाडी मादी
उशीच्या अभ्र्यात घातली, आकड्याला लावली.
काट्यावर शून्य.
बिघडलाय, तो म्हणाला.
नाही, म्हटलं, इतकं हलकं त्याला कळत नाही.
अभ्रा उघडला. ती गल्लीवरून एक फेरी मारून
आमच्या कौलावर बसली, मग त्याच्या,
मग खुराड्याची फट ढकलून आत.

मी गेलो तर दाणे टाकशील?
टाकीन की. किती दिवस?

तेच तर, नेविल म्हणाला,
आणि सपातेला लागलेली विष्ठा
पायरीच्या कडेला घासत बराच वेळ उभा राहिला.