सात वाजले

अतिक्रमण विभागाचा माणूस मी.
चुन्याची बादली, कुंचा, आणि छापील नमुना:
मजकूर राजकीय आहे काय? धार्मिक? जाहिरात?

बंद गिरणीच्या कंपाउंडवर
निळ्या रंगात कुणी लिहून गेलंय
सात वाजले
बस. खाली नाव नाही, फोन नंबर नाही,
विकायला काही नाही.

मात्रा मात्र ओळखीची, जरा मागं रेललेली.
राजेशम चिलवेरी पेंटरची मात्रा.
फ्लेक्स येईस्तोवर साखर पेठेत
निम्म्या दुकानांवर हीच होती,
तेलुगूत लिहिलं तरी हाताचा कल तोच.

पाण्याच्या टाकीवरचं उद्या
त्याचंच, असं म्हणतात.
पाचव्या दिवशी नळ येतो,
घागरी लावता लावता बायका वर बघतात,
हसतात, आणि त्याच दमात शिव्या घालतात.

कन्ना चौकात तर
आमच्याच खात्यानं रंगवलेलं
'येथे लघवी करू नये'
खरवडून खरवडून
नुसतं येथे ठेवलंय.
आता तिथं कुणी करत नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

गिरणीपाशी एक म्हातारा उभा होता,
बंडीला सुताचा भुगा अजून चिकटल्यासारखा.
"मागानं कान नेले ओ माझे.
भोंगा व्हायचा तवा ह्या भिंतीला हात लावायचो,
तळव्याला कळायचं.
आता वाचतो.
कशाला पुसालाव?"

मी घड्याळ बघितलं. सात वाजून चार मिनिटं.
"चुकीचं आहे ते," म्हणालो.
त्याला ऐकू गेलं नाही, ते बरं झालं.

ओला चुना पारदर्शक असतो.
खात्यात हे कुणी शिकवत नाही, हाताला कळतं.
पहिला हात फिरवला
तर शब्द उलट उजळले,
आंघोळ घातलेल्या पोरासारखे.
मग ऊन आलं, भिंत वाळू लागली.
आधी सात गेले.
मग वाजले,
सगळ्यात शेवटी ती मागं रेललेली मात्रा.
म्हातारा ती जाईपर्यंत हलला नाही.

नमुना भरला. नाही, नाही, नाही.
खाली 'शेरा' म्हणून एक रकाना असतो,
वीस वर्षांत कधी हात लावला नव्हता.
बादलीत अर्धा चुना शिल्लक होता.
लिहिलं:

एकच हात दिला आहे.
भिंत ओली झाल्यास मजकूर दिसेल.

साहेबांनी न वाचता सही केली.