बाजूला बघा

वैशाखात आमच्या कॉलनीत सगळे गच्चीवर झोपतात.
रात्री दोनला लाइट गेली
(परळी, वीज बनवायचं गाव, तरी जातेच)
आणि मी दुर्बिणीवरचं फडकं काढलं.

सहा इंची आरसा. स्वतः घासलेला,
शाळेच्या प्रयोगशाळेत, दोन उन्हाळे,
एका कडेला जरा चुकलेला.

शेजारच्या गच्चीवरून दहिफळेकाका
कठडा ओलांडून आले. पाठीवर चटईचे वळ.
एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस,
झोप अजून पाळीचीच, येते तेव्हा येते.

"काय बघायलास?"
अभिजित दाखवला. त्याच्या खालचे दोन बारके तारे,
त्या दोघांच्या मधोमध, म्हटलं, इथं.
स्टुलावर वाकले. गुडघा वाजला.
"काहीच दिसना."
सरळ नका बघू काका. जरा बाजूला बघा,
त्याच्याकडं लक्षच नाही असं.

बराच वेळ श्वासही ऐकू येईना.
मग, "हां.
विडीच्या धुराचं कडं.
फुंकलंय, अन् तसंच राहिलंय."

मी शाळेतल्यासारखं सांगायला लागलो:
ह्याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहाचा काही संबंध नाही,
पूर्वी कुणाला तसं वाटलं, नाव पडलं ते पडलं,
आपल्या कॉलनीला नाही का अजून नवी म्हणत.
हा तारा होता. आतलं जळण संपत आलं
तेव्हा अंगावरचं एकेक पांघरूण बाहेर सोडत

"मला सांगतोस?"
डोळा न काढता काका म्हणाले.
"कोळसा तोडला तरी भट्टी लगेच निवत नसती.
भिंतीला हात लावू देत नाही कितीक दिवस.
आमचा संच बंद केला त्या दिवशी
साहेब लोक खाली हार घालून घेत होते.
मी वरच. गेजसमोर.
काटा उतरायला लागला होता, सोडून कसं यायचं?"

काटा शून्यावर किती वाजता आला
ते त्यांनी सांगितलं, मिनिटासकट.

"अन् मधी? ह्याच्या मधी काय राहिलंय?"
तोच तारा. आपल्या पृथ्वीएवढा उरलेला,
पांढरा, अजून तापलेला.
ह्या आरशातून नाही दिसत.
"पण हाय?"
आहे.

लाइट आली. खांबावरचा दिवा भक्कन पेटला,
खालच्या घरांतून पंखे घरघरले,
लोक उशा काखेत मारून जिन्याकडं निघाले.
मी म्हटलं, आता नाही दिसायचं काका, धुऊन गेलं.

"माहितंय," म्हणाले. डोळा तिथंच.
"तू जा, झोप.
मी बसतो जरा."