मागचं दार

फॉर्म चार पानी.
पत्ता : नीलमनगर, तिसरा बोळ, पिठाच्या गिरणीमागे.
पाळणाघर चालवणार : अनसूयाबाई व्यंकटेश चिलवेरी.
मुलं अर्जात पंधरा. हजर एकवीस.
"सहाजण पाव्हणी हायत, मॅडम."
एकवीसच्या एकवीस जणांनी माझ्याकडे
पाव्हणीकडे बघावं तसं बघितलं.

एप्रिल. पत्र्याखाली दुपारचे सव्वादोन.
भिंतीपलीकडे म्हेत्र्यांचे चार माग,
खटखट इतकी की मला माझंच ऐकू येईना.
"ह्याच्यावरच झोपतात ओ,
लाईट गेली, माग थांबला,
की सगळी एकदम रडत उठतात."
मी 'आवाज' ह्या रकान्यात लिहिलं : जास्त.

खिडकीचे गज, टेप लावून : सव्वातीन इंच.
बाईंनी फडताळातून फुलपात्र काढलं.
"ह्यानं मोजलंय. हे शिरलं तर पोराचं डोकं शिरतंय."
फुलपात्र मोजलं. साडेतीन.
नियमावलीत चार आहे.

सिलिंडर बाहेर. फिनेल उंचावर.
वाळूच्या बादलीत एक निळी मोटार, चाकं वर.
आग विझवायचं नळकांडं लालभडक, पुसलेलं,
दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं.

मग तिसरं पान.
बाहेर पडायचे मार्ग, किमान दोन.
"मागं दार न्हाई, मॅडम.
मागं म्हेत्र्याचं अंगण,
अन् म्हेत्र्याचं आमचं बोलणं न्हाई."

प्रशिक्षणात आम्हाला एका दाराचा फोटो दाखवला होता,
आतल्या बाजूचा.
घरी मी त्याबद्दल कधी बोलले नाही.
लिहिलं : परवाना नाही. तीस दिवसांची मुदत.

सहाला आया आल्या,
विड्यांचा हिशेब देऊन, पदराला तंबाखूचा वास.
तेवढ्या वासावर रांगती पोरं दाराकडे वळली.
रेणुका गुंडला नावाची एक, कडेवर पोर घेऊन,
कागद दोन्ही बाजूंनी बघून म्हणाली,
"मग एक तारखेपासून ह्याला कुठं ठेवू?
सुपाशेजारी?"
रागावली नव्हती. खरंच विचारत होती.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

म्हेत्रे दार पाडू द्यायला तयार झाले,
कसे ते मला कुणी सांगितलं नाही.
अट एकच : कुलूप त्यांच्या बाजूने.
मी म्हटलं, कुलूप कुठल्याच बाजूने नाही.
ह्यावर तीन चहा झाले.
तिसऱ्याला त्यांच्या आईने आतून सांगितलं,
"मल्लिनाथ, कडी लाव नुसती, त्यांच्या अंगानं,"
आणि विषय संपला.

तिसाव्या दिवशी गेले. दार हिरवं, रंग ओला.
नवं नळकांडं. पाव्हण्यांसाठी अजून एक बाई.
म्हटलं, आता आग लागली असं समजा.
पितळी घंटा वाजवली. घड्याळ लावलं.
पोरं खिदळत, हाताला हिरवा रंग लावत
म्हेत्र्यांच्या अंगणात सांडली.
म्हेत्रे कमरेवर हात ठेवून मोजत होते.
"वीस."

पुन्हा मोजली. वीस.
आत गेले.
कोपऱ्यात, मागाच्या भिंतीला पाठ लावून
रेणुकाचा मुलगा झोपला होता,
मूठ तोंडाशी.
घंटा त्याच्या कानावरून गेली असेल,
खटखटीत विरली असेल.
माझे पाय लटपटले,
आगीची तर नुसती गोष्ट होती.

बाहेर आले, त्याला घेऊन.
म्हेत्र्यांनी मला बघितलं, त्याला बघितलं,
शेडमध्ये गेले आणि खटका ओढला.
चारही माग थांबले.
बोळ एवढा गप्प मी पहिल्यांदा ऐकला.
खांद्यावरचं पोर दचकलं,
आणि भोकाड पसरलं.

"असं?" म्हेत्रे म्हणाले.
"असं," अनसूयाबाई म्हणाल्या.
दोघांचं हे पहिलं बोलणं असावं.

दुसऱ्यांदा सगळ्यांना झोपवलं.
त्यात तासभर गेला.
खटका ओढला : एकवीस, रडत, पन्नास सेकंदांत.

चौथ्या पानावर, शेवटून दुसरा रकाना :
धोक्याची सूचना देणारे साधन.
मी लिहिलं, माग.
खाली कंसात, बंद झाल्यावर.
साहेब विचारतील.
विचारू देत.