‘च’ला इंग्रजीत काय म्हणतात

खानापुरात, स्टेशन रोडच्या मागल्या गल्लीत
माझी शिकवणी. एक फळा, अकरा मुलं,
आणि फळ्यावर कालचंच उरलेलं:
मोअरओव्हर. इन फॅक्ट. अबव्ह ऑल.
मुद्दा ठसवायचे शब्द.
परीक्षेत एकेकाला अर्धा मार्क.

येल्लूबाई कुंभार आली ती नेमकी तेव्हाच.
चपला दाराशी काढल्या,
हातावरची माती मात्र आत घेऊन आली.
तीन महिने पेन्शन बंद.
रेशन कार्डावर येल्लूबाई, बँकेत यल्लव्वा.
कचेरी म्हणते, बायका दोन आहेत
आणि एकीचा पत्ता लागत नाही.

“बाई, इंग्लिशमधनं लिव्हा.
कानडी त्यास्नी येतंय, मराठी आमास्नी.
इंग्लिश धड कुणालाच येत न्हाई,
म्हणून तरी नीट वाचतील.”

रिस्पेक्टेड सर, आय ॲम येल्लूबाई.
मी लिहिलं, मराठीत वाचून दाखवलं.
ती म्हणाली, “ते खरं.
पर मी*च*, असं कुठं आलं ह्यात?”

मग सुरू झालं माझं.
आधी इन फॅक्ट लावलं.
मग मोअरओव्हर, त्याला टेकू म्हणून इनडीड.
मग वाक्यच उलटं फिरवलं: इट इज आय हू,
म्हणजे चार शब्दांची परात
आणि मधे तिळाएवढी मी.
पानभर झालं. वाचलं.

येल्लूबाई गप्प.
मग म्हणाली, “लई बोललं की ओ हे.
चोरी केल्यावर माणूस असं बोलतंय.”

मागच्या बाकावरून अडिवेप्पा,
नंदगडहून सकाळच्या बसनं येणारा,
इंग्रजीत नापास व्हायच्या काठावरचा:
“मिस, आमच्यात सोपं आहे.
नानु म्हणजे मी.
नाने म्हणजे मीच.
शेवटाला एक ए. बास.”

“मग काय तर,” येल्लूबाई हसली,
“माझ्या माहेरात तसंच म्हणत्यात.”

इतकी वर्षं शिकवते मी, हे ध्यानात नव्हतं आलं.
आपला च, त्यांचा ए:
शब्दाच्या मागल्या दाराशी बसणारे दोघं
एकाच भिंतीला पाठ लावून.
पाट्यांना डांबर फासलं गेलं
तेव्हा यांच्या अंगाला कुणी हात लावला नाही.
इतके लहान की दिसलेच नसतील.

ती अर्जाकडे बघत होती, म्हणजे अर्जाच्या मातीकडे;
वाचता तिला येत नाही.
“माठाला तोटी लावताना,” म्हणाली,
“सांध्यावरनं वलं बोट फिरवायचं.
जोड दिसली की समजायचं,
हितनंच गळणार.”

मी मोअरओव्हर खोडलं.
इनडीड खोडलं. परात काढून घेतली.
उरल्या दोन ओळी:
येल्लूबाई आणि यल्लव्वा ही एक बाई आहे.
ती मी आहे.
आणि खाली तिचा अंगठा,
इतका दाबलेला की निळी शाई
पलीकडच्या पानावर उमटली,
तिथून टेबलावर.
टेबल अजून पुसलेलं नाही.

नऊ दिवस झाले, कचेरीतून उत्तर नाही.
सोमवारी ती पुन्हा जाऊन बसणार आहे
दोन नावं घेऊन, एका बाकावर.

काल सराव पेपर तपासत होते.
प्रश्न: इन फॅक्ट वापरून वाक्य लिहा.
अडिवेप्पानं लिहिलंय,
इन फॅक्ट, माय मदर इज माय मदर.
मी लाल रेघ ओढली.
थोडा वेळ बसून राहिले.
रेघ खोडता येत नाही, लाल शाई आहे,
म्हणून शेजारी लिहिला
अर्धा मार्क.