खोटा पेशंट

गुरुवारी मला दमा असतो.
सकाळी साडेआठला शर्ट काढून घडी घालतो,
मागे नाडी बांधायचा निळा झगा चढवतो
आणि मनगटावरच्या पट्टीवर वाचून घेतो :
आज मी जॉर्ज पेल, जन्म चौदा मार्च, पेनिसिलिन सोसत नाही.
खरा मी विल्फ्रेड ओकली. पेनिसिलिन कितीही पचवतो.
एकतीस वर्षं नॉर्थॅम्प्टनमध्ये बस चालवली,
आता तासावर पैसे घेऊन आजारी पडतो.

पडद्याबाहेर त्या बसलेल्या असतात,
कुणी मनिलाची, कुणी बेनिन सिटीची, कुणी कोट्टायमची.
बारा-बारा वर्षं आयसीयू सांभाळून आलेल्या,
पण इथल्या रजिस्टरात नाव चढेपर्यंत
नर्स म्हणायचं नाही स्वतःला.
उशा बदलायच्या, पाणी द्यायचं,
दुसऱ्या कुणी सुई चुकीच्या जागी धरली तरी
खिडकीबाहेर बघायचं.
हे मला कुणी सांगितलेलं नाही.
बाकावर एकमेकींत बोलतात, ते कानावर पडतं.

आत आल्या की सगळ्यांचं एकच वाक्य :
"हॅलो, मी अमुक, आज मी तुमची काळजी घेणार आहे."
इतकं घोटलेलं, की माझ्या डोळ्यांत बघणंसुद्धा पाठ केलेलं.
हात धुतात. धुतलेले हात पुन्हा धुतात.
एकीने घाबरून मलाच तिची जन्मतारीख सांगितली.
हसायची मला बंदी आहे, मदतीचीही.
पण खोकला माझ्या हातात असतो.
कुणी ॲलर्जी विचारायची विसरतेय असं दिसलं
की मी जरा जास्त खोकतो.
कोपऱ्यात कागद घेऊन बसलेल्या बाईला वाटतं, काय अभिनय!

मार्चमध्ये एक आली, एफुआ बायडू, केप कोस्टची.
बुटांना नवी लेस, डोळ्यांखाली रात्रपाळी.
तिने माझं मनगट धरलं आणि मोजू लागली.
मोजायचं नसतंच खरं तर. आकडा कार्डावर छापलेला असतो,
नाडी अठ्ठ्याऐंशी. बाकीच्या बोटं टेकवतात,
ओठ हलवतात, छापील आकडा लिहून मोकळ्या होतात.

ही थांबली.
मिनिट झालं. बोटं उचलून पुन्हा ठेवली.
मी कुजबुजलो, कार्डावर आहे, पोरी.
तिने मान हलवली, नजर मनगटावरच.
आणखी एक मिनिट. कोपऱ्यात कागद उलटल्याचा आवाज.
पोटात गोळा आला तो माझ्याच :
हिचा इनहेलर राहिलाय, श्वास मोजायचा राहिलाय,
सहीखालची तारीख राहिलीय.

मग वाकून, पाठ न केलेल्या आवाजात म्हणाली,
"मिस्टर पेल नाही, तुम्ही. तुमचं नाव काय?"
सहा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"विल्फ."
"विल्फ, चार ठोके पडतात, पाचवा गळतो.
आज डॉक्टरकडे जा. उद्या नको."
मग कार्डावरचे अठ्ठ्याऐंशी लिहिले,
नीट, दोन्ही आठ सारखे,
आणि घंटा वाजली.

श्वास मोजायचा राहिलाच.

मी गेलो त्याच दुपारी. फार काही नाही,
चोवीस तास छातीला एक यंत्र, आता सकाळी एक गोळी.
मेव्हिस असती तर म्हणाली असती,
जन्मभर इंजिनाचा ठोका ऐकलास, स्वतःचा नाही ऐकू आला?

निकाल आम्हाला कळवत नाहीत.
परत फी भरावी लागली असेल का तिला,
परत पहाटेची गाडी, परत तो बाक?
की कोपऱ्यातल्या बाईने लिहिलं असेल काही?
त्यासाठी रकाना असतो का फॉर्मवर, मी विचारलं.
ती म्हणाली, मिस्टर ओकली, हे तुम्ही विचारायचं नसतं.

पुन्हा गुरुवार. जॉर्ज पेल, चौदा मार्च.
पडदा सरकला की मी आधी बूट बघतो.
लेस नवी दिसली
तर विचारायच्या आतच
मनगट पुढे करतो.