मोहित्यांची भिंत

लष्करात, जिन्सी नाला नंबर दोनला
भार्गव मोहिते पंक्चर काढतात.
पाठीमागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं
तीस सालापासूनचे वर्ल्डकप:
उरुग्वे, इटली, पुन्हा इटली,
मग दोन ओळी नुसत्याच चुन्याच्या.

"काका, बेचाळीस-सेहेचाळीसला कोण जिंकलं?"
कोचिंगला निघालेलं पोर विचारतं.
"जगच पंक्चर होतं रे तेव्हा,"
घमेल्यात ट्यूब दाबत ते म्हणतात.

पन्नासच्या ओळीशेजारी एक बारीक ठिपका.
आपण जाणार होतो. गेलो नाही.
त्यावर ते बोलत नाहीत,
सोल्यूशन वाळेपर्यंत फुंकर घालत राहतात.

आता भिंत संपली.
पुढचं नाव शटरवर लिहावं लागेल,
म्हणजे दुकान उघडलं की गुंडाळलं जाणार,
आणि रात्री वाचणार कोण?
गस्तीचा शिपाई, फार तर.